शेवटच्या पानावरचा शेरा

आई गेली. गंधमुक्ती उरकल्यावर मी तिच्याकडची पुस्तकं परत करायला नशिराबादच्या वाचनालयात गेले. त्यांत एक कादंबरी होती, टीव्ही मालिकेतल्या सगळ्यांच्या लाडक्या माईच्या तरुणपणाची. “अक्कांनी ही तीनदा नेली,” ग्रंथपाल नाना आईबद्दल म्हणाले. इथले वाचक शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं शेरे लिहितात. तान्ह्या लेकीला पाळण्यात ठेवून माई घर सोडते, हे कुणालाच पटलं नव्हतं. “आमची माई नासवली.” “लेखकाला लाज नाही.” त्याखाली, दिवाळीत माहेरी आले तेव्हा, मीच लिहिलं होतं, “असं करते ती आईच नव्हे.” त्याच्याही खाली आता आईचं थरथरतं अक्षर होतं. “तू चार महिन्यांची होतीस. मी यावलच्या स्टँडवरून परत फिरले.” नानांकडून खोडरबर घेऊन मी माझी ओळ पुसली. पेन्सिल इतकी दाबून चालवली होती, की अक्षरं कागदात रुतून राहिली.