उत्तर न आल्यास

व्यासपीठावरच्या खुर्चीत बसल्या बसल्या बद्रीनाथांना ते पत्र पुन्हा आठवलं. त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. विद्यापीठाच्या उपकेंद्रातल्या प्रशिक्षण विभागानं ते पाठवलं होतं. 'कर्मचाऱ्यांच्या कार्यशाळेत आपण मार्गदर्शन करावे. मुदतीत उत्तर न आल्यास आपली संमती गृहीत धरली जाईल.'

नकार तर द्यायचाच होता. बद्रीनाथ त्याच उपकेंद्रात ग्रंथपाल होते. पुस्तकांशी त्यांचं बरं जमायचं. माणूस समोर आला की शब्द कपाटामागं जाऊन लपायचे. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा त्यांनी निवृत्तीच्या शुभेच्छा स्वतःलाच दिल्या होत्या. ती गोष्ट उपकेंद्रात अजून चहाबरोबर निघायची. म्हणून त्यांनी नकाराचे खर्डे लिहिले. पहिला उद्धट वाटला, दुसरा लाचार. तिसऱ्यात 'क्षमस्व' लिहावं की 'दिलगीर आहे', हे काही ठरेना. चौथा जमला. तो त्यांनी एका शब्दकोशात जपून ठेवला आणि कुठल्या शब्दकोशात, ते विसरले.

आता पाठीमागच्या फलकावर त्यांचं नाव होतं. नावाखाली विषय होता, 'कार्यालयीन पत्रव्यवहार : वेळेत उत्तर'.

सभागृह सहकारी साखर कारखान्याचं होतं. दुष्काळाचं दुसरं साल. ऊस नव्हता, गाळप बंद, चिमणी थंड. पण कारखान्याच्या बोअरला पाणी होतं. कार्यशाळा संपल्यावर प्रत्येकाला पाण्याचा एक जार मिळेल, असं परिपत्रकात होतं आणि सभागृह गच्च भरलं होतं. रजेवरचे रजा सोडून आले होते. गेल्या वर्षी निवृत्त झालेला एक जणसुद्धा हजेरीपटावर सही ठोकून बसला होता. सकाळी बद्रीनाथांच्या बायकोनं, सुंदरबाईंनीही त्यांना बजावलं होतं, "भाषनाचं काय बी करा. जार तेवढा इसरू नका. परसातला कढीपत्ता माना टाकायलाय."

उद्घाटनाला चेअरमन भगवानराव उभे राहिले. त्या साली मोळी टाकायचा कार्यक्रम झाला नव्हता, साखरेच्या पहिल्या पोत्याची पूजा झाली नव्हती. वर्षभराची भाषणं तुंबून राहिली होती. ती सगळी त्यांनी इथं मोकळी केली. ऊन दारातून आत सरकलं आणि तिथं मांडून ठेवलेल्या जारांवर आलं. माना एकेक करून तिकडं वळल्या.

"गरम व्हायलंय की पानी," शिपाई सटवा मागून हळूच म्हणाला.

बद्रीनाथांच्या खिशात भाषणाचे कागद होते. ते घामानं ओले झाले होते. शेजारी प्रशिक्षण विभागाच्या शिवकन्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी धीर करून मॅडमना विचारलं, "मॅडम, माझंच नाव का सुचलं तुम्हाला?"

या प्रश्नात थोडी आशा होती. कुणाला तरी आपल्यात काहीतरी दिसलं असेल, असं त्यांना अधूनमधून वाटत आलं होतं.

शिवकन्या मॅडम सरळ बाई. "खरं सांगू का सर? दहा जणांना पत्र धाडलं होतं. नऊ जणांनी लगेच नकार कळवला."

"आणि मी?"

"तुमचं उत्तरच आलं नाही ना. मग नियमाप्रमाणं संमती धरली."

आशा गेली. पण जाताना ती भीतीलाही बरोबर घेऊन गेली. आपल्याकडून कुणालाच काही नको आहे, हे कळल्यावर माणसाला उभं राहणं सोपं जातं. त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते माइकपाशी गेले. कागद खिशातच राहिले.

"मला बोलता येत नाही," बद्रीनाथ म्हणाले. "या भाषणासाठी दहा जणांना पत्र गेलं होतं. नऊ जणांनी वेळेत उत्तर दिलं. ते आत्ता आपापल्या घरी पंख्याखाली पडलेत. दहाव्यानं दिलं नाही. तो तुमच्यासमोर उभा आहे. पत्राला वेळेत उत्तर द्यावं. धन्यवाद."

मग मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं सभागृह उसळलं. भगवानरावांना हसू आवरेना. टाळ्या थांबायला तयार नव्हत्या.

सटवानं जार बद्रीनाथांच्या स्कूटरवर दोरीनं आवळून बांधला. "लई भारी सर! दोन मिन्टात खेळ खल्लास!"

टाळ्या भाषणाला होत्या की ते लवकर संपलं म्हणून होत्या, याचा विचार करत बद्रीनाथ घरी आले. उत्तर सापडलं नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरं पत्र आलं. या वेळी मुख्य विद्यापीठातून. सगळ्या जिल्ह्यांचे कर्मचारी, मोठं सभागृह. शेवटची ओळ तीच : 'मुदतीत उत्तर न आल्यास...'

"तितं बी जार देतेत का?" सुंदरबाईंनी विचारलं.

"नाही. शाल देतात."

"ह्या उनाळ्यात? मंग न्हाई म्हना की. आन लवकर लिवा, न्हाईतर मागच्यावानी नाव छापतेन."

बद्रीनाथ पोस्टकार्ड घेऊन बसले. या वेळी खर्डा केला नाही. सुंदरबाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं : 'पत्र मिळाले. येतो.'

"अवं, जायाचंच हाय तर गप बसा की! उत्तर न्हाई दिलं तरी ते हो-च धरतेत. एवढ्या उनात पेटीपोतूर कशापायी जाता?"

"माहीत आहे," बद्रीनाथ म्हणाले आणि टोपी घालून उन्हात निघाले.

चौकातली टपालपेटी तापून लाल झाली होती. त्यांनी कार्ड आत सोडलं आणि ते तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथंच उभे राहिले.