ड्रायव्हरची सीट

शोरूममधल्या पोरीनं बापूसाहेब वकिलांना एकाच आलिशान गाडीची दोन मॉडेलं दाखवली. "साधी मागं बसणाऱ्यांसाठी, स्पोर्ट स्वतः चालवणाऱ्यांसाठी."

अठरा वर्षं त्यांचा ड्रायव्हर असलेल्या बंडूनं कान टवकारले. बापूसाहेब मागं बसलेच नाहीत. दोन्ही गाड्यांत थेट स्टेअरिंगपुढं बसून, पाठ टेकवून आले.

"स्पोर्टच द्या."

बंडूनं लगेच विचारलं, "साहेब, मंग मी उद्यापासून येऊ का नाई?"

"येशील नाही तर काय! हिची सीट कंबर मस्त धरते. अमरावतीहून अकोल्याच्या कोर्टात जाताना दर गतिरोधकाले तू 'आई वं' करून कण्हतोस. आता तरी मले मागं झोपू दे, बाबू."