पहिला टिळा

गुलालानं माखलेली जीप दारात थांबली, तेव्हा गोजराक्का औक्षणाचं ताट घेऊन उंबऱ्यातच उभी होती. लेक जिल्हा परिषदेवर निवडून आला होता. डोंगरावरचा खडी क्रशर बंद करीन, असा शब्द त्यानं दिला होता आणि तोच शब्द घेऊन ती घरोघर फिरली होती. क्रशरच्या धुळीनं गावातली पोरंसोरं खोकून बेजार झाली होती. "माझ्या दुधाचा आहे तो, शब्द फिरवायचा नाही," असं तिनं बायांना ठणकावून सांगितलं होतं. त्याच बाया आता तिच्या मागं गोळा झाल्या होत्या.

जीपमधून आधी क्रशरचा मालक उतरला.

"हे कशाला आलंय आपल्या दारात?" गोजराक्कानं लेकाला विचारलं.

लेक जवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, सगळा प्रचार शेठच्याच पैशावर झालाय. गाड्या, जेवणावळी, सगळं. आधी त्यांना ओवाळ."

एरवी गोजराक्काच्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नव्हती. आज ती ताट घेऊन पुढं झाली. तिनं शेठच्या कपाळाला कुंकू लावलं, ताट ओवाळलं. हात आपला आपण फिरत होता. शेठनं ताटात नोट टाकली. मागं कुणाचं तरी पोर खोकलं. तिनं वळून बघितलं नाही.

मग लेकानं फेटा वर सरकवून कपाळ पुढं केलं.

ती ताट घेऊन आत वळली. "तुझं झालं की. त्यांना ओवाळलं, त्यातच तू आलास."