सरांची सुट्टी

काकूंनी बरणी टेबलावर ठेवली, ती नेमकी सरोवराच्या पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत. बरणीत सर होते, म्हणजे त्यांची राख.

"ह्यांना तळ्यात सोडायचं म्हणते," काकू म्हणाल्या. "जन्मभर कधी टेकले नाहीत. रोज ताट झाकून वाट बघायची मी. आता तळाशी तरी शांत पडून राहतील."

प्रयोगशाळेची नवी प्रमुख खुर्चीत अवघडली. खुर्ची सरांची होती आणि नियमही सरांचाच होता. फॉस्फरस असलेलं काहीही सरोवरात जाता कामा नये, त्याने शेवाळ माजतं. हाडांच्या राखेत तर तो ठासून भरलेला असतो. साबणाची बादली ओतली म्हणून सरांनी नावाड्याला फैलावर घेतलं होतं. बदकांना पाव घालणाऱ्या सख्ख्या नातवाचा हात धरला होता. "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणाऱ्या नगराध्यक्षांना दाराबाहेर काढलं होतं. आणि आज त्यांच्याच बायकोला नाही म्हणायची पाळी त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनीवर आली होती.

नियम पुढे करायची तिला लाज वाटली. ती विज्ञानाच्या आड लपली. शांत पडून राहणं तिथे नसतंच, तिने हळूच सांगितलं. राखेतला फॉस्फरस पाण्यात उतरला रे उतरला की जिवाणू तो गट्टम करतात. जिवाणूंना त्यांच्याहून जरा मोठे जीव खातात आणि नको असलेला फॉस्फरस बाहेर टाकतात. तो बाहेर पडायचा अवकाश, शेजारचं शेवाळ टपलेलंच असतं. शेवाळालाही खाणारे असतात. थोडाफार तळाशी जातो, पण त्यातलाही बराचसा पुन्हा वर येतो.

"वर्षानुवर्षं असा हातोहात फिरतो, काकू. घटकाभर बसू देत नाहीत त्याला."

काकूंनी बरणीवरून हात फिरवला. मग त्यांनी मान डोलावली. तिला हायसं वाटलं.

"रिटायर झाल्यावर आठवडाभर घरी होते," काकू म्हणाल्या. "माझे सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मग परत उलटे लावले. शेवटी मीच त्यांना इकडे पिटाळलं. आणि आता मीच वेडी, शांत पडून राहा म्हणतेय. बरं झालं तू सांगितलंस गं. चल, नावाड्याला नाव काढायला सांग."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. सरोवराचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. मग बरणीकडे पाहिलं.

"एवढ्याशाने काय होतंय," ती म्हणाली, आणि तिने दचकून दाराकडे बघितलं.

नाव मध्यावर थांबली. काकूंनी झाकण काढून बरणी तिरपी केली. राख पाण्यावर पसरली, भिजून गडद झाली, दिसेनाशी झाली. काकू वाकल्या आणि फोनवर बोलावं तशा आवाजात पाण्याला म्हणाल्या,

"अहो, सावकाश होऊ द्या. मी जेवून घेते."