फोटोखालचं नाव

प्रणित सरांचा मेसेज आला तेव्हा पुनम नाल्याच्या काठी पोटावर पडली होती. कोपरं चिखलात, नाकापुढे कुजलेलं लाकूड, त्यावर मुगाच्या दाण्याएवढी केशरी भूछत्रं. मोबाइलला चिमट्याने भिंग अडकवून ती श्वास रोखून होती. श्वास सुटला की फोटो हलतो.

मेसेज कालच्या जांभळ्या भूछत्राबद्दल होता. 'कॉमन आहे. पाठवत राहा.'

तीन पावसाळे हेच चाललं होतं. बी.ए. होऊन घरी बसलेली ही पोरगी मुलचेऱ्याजवळच्या जंगलात तासन्‌तास लोळायची, शंभरातला एखादा फोटो चंद्रपूरच्या या नावाजलेल्या फोटोग्राफर सरांना पाठवायची, आणि सर 'कॉमन आहे' म्हणायचे. दोन महिन्यांनी तेच कॉमन भूछत्र सरांच्या कॅलेंडरवर झळकायचं. खाली नाव सरांचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! एकदा तिने धीर करून विचारलं होतं, माझं नाव टाकाल का. सर गोड हसले होते. नाव कमवावं लागतं, म्हणाले. आजवर कोणी पाहिलं नाही असं काही आण, मोठ्या अक्षरांत टाकतो.

अक्षरं बारीक असती तरी चाललं असतं. तिला फक्त फोटोखाली आपलं नाव हवं होतं.

घरी कोणाला त्याची पडली होती? आई रुखमाबाई म्हणायची, जातेसच तर भाजीपुरती खायची भूछत्रं, सात्या तरी आणत जा. बाप हरिदास तर येता-जाता टोमणे मारायचा. त्या दिवशी पोळा. तो अंगणात बैलांची शिंगं रंगवत बसला होता, एकाची लाल, दुसऱ्याची निळी, आणि ही चिखलाने माखून दारात उभी.

"बैलं सजून राह्यले, अन् पोरगी चिखलात लोळून राह्यली," तो म्हणाला.

एरवी पुनमने फाडकन उत्तर दिलं असतं. आज तिने भिंग काढून आईच्या हातात ठेवलं.

"ठेवून दे कुठी तरी. मले नाई जमत. सर म्हनते, सारं कॉमनच हाय."

आणि पायरीवर बसून रडली. रुखमाबाईने पाठीवरून हात फिरवला. हरिदास मान वर न करता शिंगं रंगवत राहिला. असा हा माणूस! पोरीच्या डोळ्यांत पाणी दिसलं तरी तोंड उघडेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यानेच तिला भल्या सकाळी हलवून उठवलं. बांधाकडे गेलो होतो, म्हणाला, नाल्यापलीकडे मोहाच्या ओंडक्यावर काहीतरी वेगळंच दिसलं. पाणी यायच्या आत चल. पुनमचा विश्वास बसेना. हा माणूस आणि भूछत्र! पण आईकडून भिंग मागून घेऊन गेली.

ओंडक्यावर नेहमीच्या पांढऱ्या भूछत्रांची रांग होती, आणि कडेला एकटंच, तुरीच्या दाण्याएवढं, निळं. गोकर्णाच्या फुलासारखं गडद निळं. नुकतं भिजल्यासारखं चकाकत होतं. तिचा ऊर भरून आला.

"हात नको लावू बरं," हरिदास म्हणाला. तो हात मागे बांधून उभा होता.

तिला हसू आलं. भूछत्राला हात लावायचा नाही, हा सरांचा पहिला नियम. ती घरी बडबडायची ते बापाने ऐकलं होतं तर! तिने थेंब पडायला लागेपर्यंत फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली तेव्हा रात्रभराच्या पावसाने ओंडका साफ झाला होता. एका पावसाचं आयुष्य ते, तिने मनाची समजूत घातली.

या वेळी सरांनी कॉमन म्हटलं नाही. थेट फोन केला. कुठे सापडलं, आणखी कोणाला पाठवलं का, असं खोदून खोदून विचारलं. दहा दिवसांनी चंद्रपुरात त्यांचं प्रदर्शन होतं. घरच्यांना घेऊन ये, म्हणाले.

हरिदास पोळ्याचा नवा सदरा घालून आला. हॉलमध्ये शिरताच समोर तोच फोटो. चार फूट रुंद, काचेत मढवलेला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, छायाचित्र आणि शोध: प्रणित वैरागडे. अक्षरं खरोखरच मोठी होती.

"यात तुयं नाव कोनतं वं?" हरिदासने विचारलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं.

तिने सरांच्या नावावर बोट ठेवलं. "हे."

तो त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिला. मग समाधानाने मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

नागपूरहून आलेल्या रूही मॅडम भूछत्रांच्या मोठ्या जाणकार. त्या निळ्या फोटोपुढे थांबल्या. जवळ गेल्या, चष्मा काढला, नाक काचेला टेकेल इतक्या वाकल्या. मग त्यांनी सरांना बोलावलं आणि इंग्रजीतच सांगितलं, हा भूछत्राचा रंग नव्हे. हा ऑइल पेंट आहे. देठावर ओघळलाय बघा. आणि रंगात चिकटलाय तो पांढरा केस, गाई-बैलाचा असावा. असले प्रकार करून तुम्ही लोकांना फसवता?

बाजूची माणसं ऐकत होती. पुनमही ऐकत होती.

सरांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यांनी माईक तोंडाशी नेला आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा स्वच्छ मराठीत म्हणाले, "हा फोटो मी काढलेला नाही. तो मुलचेऱ्याच्या पुनम हरिदास गुरनुले यांनी काढलाय. याचं सगळं श्रेय त्यांचंच."

साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. तेवढ्यात मागून टाळ्यांचा आवाज आला. एकट्याच माणसाच्या टाळ्या. पुनमने वळून पाहिलं. हरिदास उभा राहून, हात उंच करून टाळ्या वाजवत होता, आणि त्याच्या नखांत पोळ्याचा निळा रंग अजून तसाच होता.