खोटा हातमोजा

लेवार्डनच्या एका दवाखान्यात पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेल्या वीबे आणि शौक्येला यंत्राचे हातमोजे दिले होते. डोक्यावर तारांची टोपी घालून घंटी वाजताच 'मूठ वळ' असं मनात म्हणायचं, की हातमोजा बोटं मिटवणार. प्रयोगाच्या नियमाप्रमाणे एकाचा हातमोजा मेंदूचं ऐकणारा, दुसऱ्याचा नुसता घंटीबरोबर आपोआप हलणारा. कुणाचा कुठला, ते शेवटी पाकिटातून कळणार होतं.

वीबेची मूठ दर वेळी झकास वळायची, शौक्येची दहातून एकदा. "खोटा तुझ्याच गळ्यात पडला गं बाई!" तो चिडवायचा. मुलाला त्याने बजावलं होतं, "माझी नाव विकू नकोस, उन्हाळ्यात मीच वल्हवणार."

शुक्रवारी पाकीट उघडलं. खरा हातमोजा शौक्येचा निघाला; ती बिचारी वीबेकडे बघेचना.



वीबेने डाव्या हाताने मुलाला फोन लावला. "नावेचं ते गिऱ्हाईक अजून आहे का रे?"