बरोब्बर समेवर

पडद्यावर खलनायकाने हातपाय बांधलेल्या माणसापुढे कुऱ्हाड ठेवली, टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि निवृत्तीबुवांचा आवाज सुरू झाला.

बुवा खुर्चीत ताठ झाले. शेजारी त्यांच्या गुरूंच्या, चिमाजीबुवांच्या कन्या सुलाबाई, ठेवणीतली पैठणी नेसून देवळाली कॅम्पाहून खास आलेल्या. तोडी रागातली ही चीज चिमाजीबुवांनी, म्हणजे दादांनी बांधलेली, घराबाहेर कधी न गेलेली. दादांची चीज लोकांच्या कानावर पडू दे, म्हणून बुवांनीच महिनाभर सुलाबाईंना गळ घातली होती. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला त्यांनी पट्टी विचारली, लय विचारली, तबल्याला कोण ते विचारलं. सीन कसला, हे विचारायचं मेलं सुचलंच नाही.

सोळा मात्रा फिरून आवर्तन समेवर आलं आणि तिथेच कुऱ्हाड पडली. माणूस गुरासारखा ओरडला, रक्त भिंतीवर उडालं, आणि कॉलेज रोडचं ते अख्खं थिएटर एका आवाजात ओरडलं. चाळीस वर्षं मैफली केल्या बुवांनी, समेवर अशी दाद कधी मिळाली नव्हती.

पुन्हा आवर्तन. मांडीवर ताल धरणारा हात बुवांनी दाबून धरला, तरी बोटं मोजतच राहिली. सम. आता त्या बांधलेल्या माणसाचा गुडघा गेला. दादांचं नाव घेताना लावतात तसा सुलाबाईंनी चीज ऐकताच कानाच्या पाळीला हात लावला होता, तो तिथेच राहिला होता.

"बंद कर रे हे," त्या बुवांना म्हणाल्या.

पुढच्या रांगेतला एक पोरगा उठून हवेत कुऱ्हाड चालवू लागला, बुवांच्या आलापीची नक्कल करत. मित्र खिदळले. बुवांच्या डोक्यात तिडीक गेली. एरवी मुंगी चिरडायला कचरणारा माणूस! उठले, पोराला खांद्याला धरून वळवलं आणि सगळा जोर लावून थोबाडीत ठेवून दिली. पोरगा खुर्चीच्या दांड्यावर आपटला. ओठ फाटला, शर्टावर रक्त सांडलं.

त्याच क्षणी पडद्यावर कुऱ्हाड पडली आणि थिएटरने पुन्हा दाद दिली.

सुलाबाई वाकल्या, पैठणीच्या पदराने त्यांनी पोराचं तोंड पुसलं. बुवांचा हात अजून वरच होता.

"बरोब्बर समेवर मारलंस, निवृत्ती," त्या म्हणाल्या.